लोटस, कमळ आणि भूकमळ

इंग्रजी-मराठी कोशात 'लोटस' ह्या शब्दापुढे 'कमळ' हा प्रतिशब्द दिलेला असतो आणि वाचक तेवढ्यावर समाधान मानून कोश मिटतो. दोन भाषांतले दोन शब्द इतके बिनतक्रार जुळलेले दिसले की भाषांतराचा थोडाबहुत अनुभव असलेल्या माणसाच्या मनात शंका यावी. येथे ती शंका पुरेपूर खरी ठरते. ज्या ग्रीक भाषेतून हा शब्द लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत उतरला त्या भाषेत 'लोतोस' म्हणजे घोड्यांचा चारा होता, एका काटेरी झाडाचे फळ होते, त्या झाडाच्या लाकडाची बासरी होती आणि नाईल नदीच्या पाण्यात फुलणारे एक फूलही होते. आपल्या तळ्यातले कमळ मात्र ह्यांपैकी एकही नव्हते.

हा प्रश्न कोशकारांपुरता असता तर आम्ही त्यावर लेखणी उचलली नसती. परंतु मराठी बायबलातील फुले, आपल्या ख्रिस्ती कवितेतील प्रतिमा आणि आपल्या वेदीवरील सजावट ह्या तिन्ही ठिकाणी हा शब्द, कधी स्वतःच्या तर कधी दुसऱ्याच्या नावाने, येऊन उभा राहिला आहे. तेथे तो काय करतो, हे पाहणे हे समीक्षेचे काम आहे.

आरंभ होमरपासून करावा लागतो. 'इलियद'च्या दुसऱ्या सर्गात युद्धापासून दूर, रिकामे उभे असलेले घोडे 'लोतोस' चरताना दिसतात. चौदाव्या सर्गात झ्यूस आणि हेरा ह्यांच्यासाठी भूमी जी मऊ शय्या उगवते तिच्यात केशराच्या जोडीला दंवाने भिजलेला 'लोतोस' आहे. हे एक रानगवत, आपल्या मेथीघासाच्या जातीचे. वनस्पतिशास्त्रज्ञ आजही 'लोटस' हे प्रजातिनाम अशाच शेंगावर्गीय पिवळ्या फुलांच्या झुडपांना देतात. म्हणजे शास्त्राच्या भाषेत खरीखुरी 'लोटस' वाटाणा-मेथीच्या कुळातली आहे, हे ऐकून आमच्या वाचकांपैकी शेतकरी बांधवांना गंमत वाटेल.

'ओदिसी'च्या नवव्या सर्गात मात्र हाच शब्द वेगळ्या वस्तूला लागला आहे. वादळात भरकटलेला ओदिसिउस एका किनाऱ्याला लागतो. तेथील लोक कोणाला इजा करीत नाहीत. ते पाहुण्यांना फक्त आपले अन्न देतात. ते मधासारखे गोड फळ ज्याने खाल्ले त्याला परतण्याची इच्छाच उरत नाही. घर, गलबत, सोबती सारे विसरून त्याला तेथेच राहावेसे वाटते. ओदिसिउस आपल्या माणसांना ओढत, रडत असताना, गलबतावर आणतो आणि वल्ह्यांच्या बाकांखाली बांधून टाकतो. साऱ्या प्रवासात राक्षस, चेटकिणी, भोवरे भेटतात. पण आम्हांला ह्या निरुपद्रवी लोकांचे संकट सर्वांत भयंकर वाटते, कारण त्यात सापडलेल्याला आपण संकटात आहोत हेच कळत नाही.

ते फळ कोणते? हेरोदोतसाने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात लिबियाच्या किनाऱ्यावरील अशा लोकांची नोंद केली आहे. फळ लहान, गोडी खजुरासारखी, आणि त्याचे मद्यही करतात, असे तो सांगतो. पुष्कळ अभ्यासकांनी त्याची ओळख उत्तर आफ्रिकेतील एका काटेरी झुडपाशी पटवली आहे. शास्त्रात त्याचे नाव 'झिझिफस लोटस'. झिझिफस म्हणजे आपली बोर! तेव्हा ओदिसिउसच्या खलाशांनी जे खाऊन घर विसरले ते बोराच्या भाऊबंदांपैकी एक फळ असावे. मराठी माणसाला हे पटणे कठीण. बोरे खाऊन घसा धरतो, घर विसरत नाही.

पुढे टेनिसनने १८३२ मध्ये ह्या प्रसंगावर दीर्घ कविता लिहिली आणि १८४२ मध्ये ती सुधारून पुन्हा छापली. तिच्यामुळे इंग्रजी भाषेत सुखासीन, आळसावलेल्या माणसाला 'लोटस खाणारा' म्हणण्याचा प्रघात दृढ झाला. आपल्या महाविद्यालयांत ती कविता वाचणाऱ्यांनी तो शब्द कोशात पाहिला आणि मराठीत 'कमलभक्षक' अवतरले. हा शब्द आम्हांला अन्यायाचा वाटतो. कमळाने कोणाला कधी गुंगी आणली? उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत कमळकाकडीची भाजी आवडीने होते. त्या लोकांना सिंध विसरला असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मूळ काव्यात एक काटेरी झाड आहे, भाषांतरात त्याच्या जागी एक पवित्र फूल आले आणि झाडाचा दोष फुलाच्या माथी बसला. (ओघात सांगावयाचे तर बाजारात 'लोटस सीड' म्हणून विकला जाणारा मखाणाही कमळाचा नव्हे. तो बिहारच्या मिथिला भागातील तळ्यांत होणाऱ्या वेगळ्या काटेरी पाणवनस्पतीचा. कमळाचे बी म्हणजे कमळगट्टा. पाकिटावरचे इंग्रजी येथेही दगा देते.)

ह्या ग्रीक अर्थाचा आमच्या श्रद्धेशी एकदा सरळ सामना झाला आहे. जेम्स जॉइस ह्या आयरिश लेखकाची 'युलिसिस' ही कादंबरी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पाचव्या प्रकरणाला अभ्यासक 'लोटस खाणारे' ह्याच नावाने ओळखतात. कथानायक ब्लूम डब्लिनमधील एका कॅथलिक देवळात शिरतो आणि कठड्यापाशी गुडघे टेकून पवित्र भाकर घेणाऱ्या स्त्रियांकडे पाहत राहतो. तो स्वतः जन्माने ज्यू कुळातला, बाहेरचा माणूस. त्याला त्या चेहऱ्यांवर एक गुंगलेले समाधान दिसते. न कळणारी लॅटिन, धुपाचा वास, ओळीने पुढे सरकणारी माणसे: त्याच्या दृष्टीने हेही एक विसरण्याचे फळच.

जॉइस जेझुइटांच्या शाळांत शिकलेला होता, हे विसरून चालणार नाही. तो अज्ञानाने बोलत नाही. आमच्यातील काही जण अशी पुस्तके देवनिंदा म्हणून बाजूला सारतात. आम्हांला ते पटत नाही. त्याच्या निरीक्षणात तथ्य आहे. घरातील भांडण, मुलाची नोकरी, डोक्यावरचे कर्ज तासभर विसरावे म्हणून मिस्साला येणारी माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात आणि त्यांना ती विश्रांती मिळाली तर त्यात पाप नाही. परंतु कलाकृती म्हणून पाहता ह्या प्रकरणाची एक मर्यादा आहे. ब्लूम जे पाहतो ते केवळ चेहरे; तेथे उच्चारले जाणारे शब्द त्याच्या कानी पडत नाहीत, किंवा पडले तरी कळत नाहीत. त्या मेजावर प्रभूने दिलेली आज्ञा 'माझ्या स्मरणार्थ हे करा' अशी आहे. लूकच्या आणि पौलाच्या ग्रीकमध्ये तेथे 'अनाम्नेसिस' हा शब्द आहे, ज्याचा अर्थ आठवण जागी करणे. होमरच्या किनाऱ्यावर खाल्ले की विस्मरण होते; येथे खातात ते स्मरण राहावे म्हणून. दोन्ही ठिकाणी अन्न आहे, दोन्ही ठिकाणी परतीच्या वाटेचा प्रश्न आहे, आणि दिशा नेमक्या उलट आहेत. जॉइसने हे ताडले नसेल असे आम्ही म्हणणार नाही. त्याने ते ब्लूमच्या हाती दिले नाही, एवढेच.

आता पाण्याकडे वळू. नाईलच्या पुरात शेते बुडाली की त्यांत अनेक फुले येतात, त्यांना इजिप्तचे लोक 'लोतोस' म्हणतात, असे हेरोदोतसाने आपल्या दुसऱ्या ग्रंथात लिहिले आहे. ते त्यांच्या खसखशीसारख्या बियांची भाकरी करतात आणि सफरचंदाएवढा गोड कंदही खातात. हे वर्णन कुमुदाचे आहे. कुमुदाचे पान पाण्यावर टेकलेले असते आणि त्याला एक चीर असते. पण पुढच्याच वाक्यात हेरोदोतस नदीत उगवणाऱ्या आणखी एका फुलाचे वर्णन करतो. ते गुलाबासारखे दिसते, त्याचे फळ गांधीलमाशीच्या पोळ्यासारखे असते आणि त्यात ऑलिव्हच्या आठोळीएवढ्या खाण्याजोग्या बिया असतात. हे मात्र निःसंशय आपले कमळ. पूर्वेकडून इराण्यांच्या काळात ते इजिप्तला पोहोचले असे मानतात. गंमत अशी की त्याला हेरोदोतस 'लोतोस' म्हणत नाही, तो त्याला 'क्रिनोन' म्हणजे लिली म्हणतो! ज्या ग्रंथकाराने ही दोन्ही फुले पाहून लिहिले त्याने आज आपण ज्याला लोटस म्हणतो त्याला लिली म्हटले आणि जे लोटस नव्हे त्याला लोटस म्हटले. हा 'क्रिनोन' शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुन्हा भेटणार आहे.

इजिप्तमधील देवळांच्या खांबांवर आणि थडग्यांच्या भिंतींवर जे फूल दिसते ते मुख्यतः निळे कुमुद. ते सकाळी उमलते आणि दिवस चढला की मिटते. म्हणून त्यातून सूर्य जन्मला अशी त्यांची कथा, आणि मृताला त्या फुलाचे रूप मिळावे म्हणून त्यांच्या मृतांच्या ग्रंथात स्वतंत्र मंत्र. नंतरच्या युरोपीय विद्वानांनी इजिप्त, भारत आणि चीन येथील सारी पाणफुले एका 'लोटस' शब्दाच्या टोपलीत टाकली. १७५३ मध्ये लिनिअसनेही कमळाला कुमुदांच्याच प्रजातीत बसवले होते. त्याचे आजचे 'नेलुम्बो' हे प्रजातिनाम सिंहली 'नेलुम्' ह्या शब्दावरून आले. अलीकडच्या अनुवंशशास्त्राने तर कमळाचे कुमुदाशी नातेच तोडले आहे. कमळाचे जवळचे आप्त प्लेन नावाचे मोठाले वृक्ष ठरले आहेत. चेहरा सारखा म्हणून नाते सारखे, असे निसर्गात नसते.

आमच्या संस्कृत कोशकारांनी हा घोटाळा केला नव्हता. अमरसिंहाने वारिवर्गात पद्म, नलिन, अरविंद, कमल ही नावे एकत्र दिली आणि कुमुद, उत्पल, इंदीवर ह्यांची सोय वेगळी लावली. पांढऱ्या कमळाला पुंडरीक, तांबड्याला कोकनद. सूर्याबरोबर उमलते ते कमळ, चंद्राबरोबर उमलते ते कुमुद, हा भेद तर आपल्या कवींच्या अंगवळणी पडलेला. 'पंकज' हा शब्द नैयायिकांनी योगरूढ शब्दाचे उदाहरण म्हणून घासून गुळगुळीत केला आहे. चिखलात जन्मते ते सारेच पंकज म्हणता येईल, पण रूढीने तो शब्द एकट्या कमळाचा. चिखलात राहून निर्मळ राहणे हा अर्थ ह्या शब्दाच्या पोटातून निघाला आहे. तो भारतीय आहे. ग्रीक 'लोतोस'मध्ये चिखल नाही, इजिप्तच्या फुलात आहे तो सूर्य. म्हणून इंग्रजीतील 'लोटसचे प्रतीक' अशा मथळ्याच्या पुस्तकांत जेव्हा पावित्र्य, पुनर्जन्म आणि गुंगी हे तिन्ही अर्थ एकाच फुलाला चिकटवलेले दिसतात तेव्हा तेथे तीन वेगळी झाडे बोलत असतात, हे ओळखावे.

शब्दाच्या मूळ व्युत्पत्तीविषयी थोडे. काही विद्वान ग्रीक 'लोतोस'चा संबंध हिब्रू 'लोट' ह्या शब्दाशी लावतात. तो उत्पत्तीच्या पुस्तकात दोनदा येतो आणि त्याचा अर्थ एक सुगंधी राळ. योसेफाला विकत घेणारा तांडा मिसरला जी द्रव्ये नेत होता त्यांत ती होती, आणि पुढे याकोबाने मिसरच्या अधिकाऱ्याला पाठवलेल्या भेटीतही ती होती. शेवटचा शब्द कोणी उच्चारलेला नाही. लॅटिनमध्येही 'लोतुस' आहे, पण तो निराळा. त्याचा अर्थ 'धुतलेला'. पवित्र गुरुवारच्या पादप्रक्षालनाच्या विधीचे लॅटिन नाव त्याच धातूचे. सेमिनरीत लॅटिन शिकताना हे दोन शब्द एकमेकांत घुसवून केलेल्या कोट्या अनेकांना आठवत असतील. त्यांतली एकही छापण्याजोगी चांगली नाही.

आणि आता पवित्र शास्त्र. ईयोबाच्या चाळिसाव्या अध्यायात बेहेमोथ ह्या प्रचंड पशूचे वर्णन येते. तो ज्या झाडांच्या सावलीत पडून राहतो त्यांना हिब्रूत 'त्सेएलीम' म्हटले आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात नुसती सावलीची झाडे होती. १८८५ च्या सुधारित इंग्रजी भाषांतरापासून तेथे 'लोटसची झाडे' आली. हा लोटस म्हणजे पुन्हा तेच बोरीच्या कुळातले काटेरी झाड. मराठी भाषांतरकाराने येथे इंग्रजीवर विसंबून 'कमळ' लिहिले तर पाणघोड्याएवढे जनावर कमळाच्या सावलीत झोपलेले दिसेल. बोरीच्या ह्याच कुळातील, पॅलेस्टाइनमध्ये आढळणाऱ्या दुसऱ्या एका झाडाला शास्त्रज्ञांनी 'ख्रिस्ताचा काटा' असे नाव दिले आहे, कारण प्रभूच्या मस्तकावरचा मुकुट त्याच्या फांद्यांचा होता अशी जुनी परंपरा आहे. शुभवर्तमानकारांनी झाडाचे नाव सांगितलेले नाही. तरीही कुराणातील स्वर्गसीमेवरच्या वृक्षाला इंग्रजी भाषांतरकार ज्या शब्दाने ओळखतात तो, होमरच्या खलाशांचे फळ आणि काट्यांचा मुकुट ही सारी एका बोरीच्या कुंपणात येतात, ह्याचे आम्हांला नवल वाटते.

खरा प्रश्न मात्र 'शोशान' ह्या हिब्रू शब्दाचा आहे. गीतरत्नात तो वारंवार येतो. स्तोत्रांच्या मथळ्यांत एका चालीचे नाव म्हणून येतो. शलमोनाच्या मंदिरातील खांबांचे माथे आणि पितळी समुद्राची कड ह्या फुलाच्या आकाराची होती असे राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. हा शब्द प्राचीन इजिप्तच्या 'सेशेन' ह्या शब्दापासून आला असे अभ्यासक मानतात, आणि 'सेशेन' म्हणजे ते नाईलचे कुमुद, ज्याला ग्रीकांनी लोतोस म्हटले. मंदिराच्या खांबांवरचे फूल इजिप्तच्या खांबांवरच्या फुलासारखे असावे, हे मत आम्हांला सयुक्तिक वाटते. परंतु गीतरत्नात हेच फूल काट्यांमध्ये उगवते, तेव्हा ते पाण्यातले नव्हे. हिब्रू माणसाने परदेशी पाणफुलाचे नाव आपल्या डोंगरावरच्या फुलांनाही दिले, असा ह्याचा अर्थ. पुढे ग्रीक भाषांतरकारांनी 'क्रिनोन' लिहिले, संत जेरोमने लॅटिनमध्ये 'लिलियुम', आणि तेथून ती युरोपची पांढरी लिली झाली.

मराठी भाषांतरकारापुढे आता काय उरले? लिली त्याच्या वाचकाने पाहिलेली नव्हती. त्याने 'भूकमळ' हा शब्द योजला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो आपल्या कानांत राहिला. ह्या शब्दाची चेष्टा करणारे आहेत. भूमीवर कमळ कसे उगवेल, असे ते विचारतात. आम्ही ह्या शब्दाकडे आदराने पाहतो. 'कमळ' म्हणून त्याने मराठी वाचकाला परिचित सौंदर्य दिले आणि 'भू' जोडून ते कमळ नव्हे हेही प्रामाणिकपणे सांगितले. शिवाय त्याच्या नकळत, लिलीच्या आड दडलेले ते जुने पाणफूल त्याने पुन्हा वर आणले! गीतरत्नात म्हणून हा शब्द शोभतो. तेथे प्रेयसी स्वतःला एक दुर्मीळ, काव्यातले नाव देत आहे; तेथे फूल पाहिलेले असण्याची गरज नाही.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात मात्र तोच शब्द पडतो. तेथे प्रभू काव्य रचीत नाही, बोट दाखवीत आहे. डोंगरावर बसलेल्या गालीलच्या शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना तो समोरची फुले पाहा म्हणतो. ती बहुधा पावसाळ्यानंतर त्या उतारांवर पसरणारी लाल अॅनिमोनी असावीत, असे पॅलेस्टाइनच्या वनस्पतींचे जाणकार सांगतात. शलमोनाच्या वैभवाहून ती सुंदर आहेत आणि उद्या ती भट्टीत जाणार आहेत; दृष्टांताचा सारा जोर ह्या दोन गोष्टी एकत्र असण्यात आहे. 'भूकमळ' म्हटले की फूल मौल्यवान होते, राजवाड्याच्या बाजूला जाते, आणि शलमोनाशी असलेला विरोधच नाहीसा होतो. भट्टीत कोणी कमळ घालीत नाही. मराठीत ह्या जागी रानफूल हवे. तुंगारेश्वरच्या उतारावर श्रावणात जो तेरडा माजतो त्याच्याकडे बोट दाखवावे. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपल्या ओठांवर आहेच. येथे भाषांतरकाराने सुंदर शब्दाच्या मोहात पडून ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचे फूल काढून घेतले, असे आम्हांला वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे कळले होते. त्यांच्या एका गाजलेल्या कवितेचे नावच 'वनवासी फूल' आहे. आणि त्यांच्या आधी तीन शतके, १६१६ मध्ये छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त, फादर स्टीफन्सना मराठी भाषेची थोरवी सांगण्यासाठी फुलांतले श्रेष्ठ फूल हवे होते तेव्हा त्यांनी कमळ घेतले नाही. संस्कृत कवींच्या हाताला लागलेले फूल बाजूला ठेवून त्यांनी मोगरा घेतला. ज्याने दारच्या मोगऱ्याचा वास घेतला आहे त्या माणसाची ती निवड आहे. वसईच्या वाड्यांतून मोगरा आणि सोनचाफा दादरच्या बाजारात नेणाऱ्या घरांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

ह्यावरून आम्ही कमळाच्या विरुद्ध आहोत असे मात्र कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात पवित्र मारियेच्या जन्मोत्सवासाठी एका भगिनीने वेदीच्या वस्त्रावर कमळ भरले. दोन-तीन वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली की हे चिन्ह आपले नव्हे. त्याजागी लिली असावी. कमळ एका राजकीय पक्षाचे निवडणूक चिन्ह असल्याने त्या हरकतीला आणखी एक धार होती, तिच्यात आम्ही शिरत नाही. वस्त्र बदलले गेले. भरलेली लिली संत योसेफाच्या प्लास्टरच्या मूर्तीवरून उतरवलेली होती, कारण खरी कोणीच पाहिली नव्हती.

ही हरकत इतिहासावर टिकत नाही. केरळात कोट्टयमच्या वलियपळ्ळीत आणि चेन्नईच्या संत थोमस डोंगरावर जे पेहलवी अक्षरांचे प्राचीन क्रूस आहेत त्यांच्या तळाशी पाकळ्या उमललेल्या आहेत. चीनमधील शिआन येथे इसवी सन ७८१ मध्ये सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती लोकांनी उभारलेल्या शिलालेखाच्या माथ्यावर क्रूस कमळावर उभा आहे. पोर्तुगीज गलबत ह्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी शतकानुशतके आशियातील ख्रिस्ती माणसाने क्रूसाखाली हे फूल ठेवले होते. फादर स्टीफन्सनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले, आंजेलो द फोन्सेका ह्या गोमंतकीय चित्रकाराने पुण्याच्या आश्रमात राहून मारियेला साडी नेसवली आणि त्याबद्दल स्वकीयांचा रोष पत्करला. त्या धैर्यापुढे वेदीवस्त्रावरचे एक फूल म्हणजे काय?

परंतु कमळ घ्यावयाचे तर कमळ म्हणून घ्यावे. आमच्या ख्रिस्ती कवितांत हल्ली ते येते ते बहुधा इंग्रजी चिंतनपुस्तकांच्या मार्गाने, 'लोटस' होऊन: थोडी शांती, थोडे ध्यान, थोडी धूसर गुंगी. त्याला देठ नसतो, चिखल नसतो, पानावर न ठरणारे पाणी नसते. असे कमळ कवितेतून काढून त्या जागी 'लिली' घातली तरी ओळीला ढळ पोचत नाही, आणि ज्या प्रतिमेच्या जागी दुसरी कोणतीही चालते ती प्रतिमा कवीने पाहिलेली नसते. 'पंकज' ह्या एका शब्दात निष्कलंक गर्भसंभवाच्या सिद्धांताविषयी बोलण्याची केवढी सोय आहे! चिखल खरा, आणि फुलाला त्याचा डाग नाही हेही खरे. त्यातही मर्यादा आहेच. कमळ आपल्या गुणाने निर्लेप राहते, मारिया देवाच्या कृपेने. ह्या फटीत उभे राहून कोणी कविता लिहिली तर ती आम्ही आनंदाने वाचू.

'शोशान'चा प्रवास इंग्रजी लिलीपाशी संपला नाही. त्यापासून अरबी-फारसीत 'सूसन' झाले, अरबीतून पोर्तुगीजांत 'असुसेना' झाले, आणि हिब्रूतूनच 'सुसान्ना' हे स्त्रीनाम आले. दानिएलाच्या तेराव्या अध्यायातील ही निर्दोष स्त्री प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलाच्या मुख्य संहितेत नाही, आपल्या बायबलात आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती नाव द्यावे आणि आईबापांनी ऐकले नाही तर त्यांच्या नावाला संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवावीत, असा नियम होता. १९८३ च्या संहितेत ख्रिस्ती भावनेला परके असे नाव नसावे, एवढेच सांगितले आहे. आमच्या नोंदवहीत सुझाना पुष्कळ आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. अलीकडे एका जोडप्याने मुलीसाठी 'नलिनी' हे नाव आणले आणि ते परके तर नाही ना, असे संकोचाने विचारले. सुझाना ही तिच्या पणजीचे नाव होते. आम्ही दोन्ही नावे एका ओळीत लिहिली.